चार माणसांची शेगडी

परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, की तिने घरासाठी लॉग बर्नर घेतला. लॉग बर्नर म्हणजे लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी. जुन्या फायरप्लेसच्या जागी बसवतात, पुढे काचेचं दार असतं, धूर चिमणीतून वर जातो आणि खोली ऊबदार होते. "कसा निवडलास?" मी विचारलं. "फोनवर," ती म्हणाली. "ट्राममध्ये बसल्या बसल्या." मी हातातलं सँडविच खाली ठेवलं. ट्राममध्ये! क्रॉयडनची ट्राम ती, दोन स्टॉपच्या मध्ये या बाईने शेगडी पसंत केली! शरयूकाकू इथे असत्या तर तिला समोर बसवून विचारलं असतं, "अगं, पेटलेली तरी पाहिलीस का?"

शरयू प्रधान या आमच्या मेडनहेडच्या शेजारीण. आम्ही नवराबायको ठाण्याहून नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडात आलो आणि जे घर भाड्याने घेतलं, त्याची एक भिंत त्यांच्या घराला लागून होती. सामान अजून खोक्यांतच होतं, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात ठेंगणीशी बाई, अंगात गुडघ्यापर्यंत पोचणारा स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि दोन्ही हातांत मोठं पातेलं. "बिरडं आहे," त्या म्हणाल्या. "भिंतीतून मराठी भांडण ऐकू आलं, म्हटलं आपलीच माणसं." आम्ही दोघंच, आणि पातेल्यात लग्नघराला पुरेल एवढं वालाचं बिरडं. आठवडाभर खाल्लं. नवरा तर शेवटी शेवटी झोपेत वाल सोलायला लागला होता.

मला वाटलं, पहिला दिवस म्हणून एवढं. छे! काकूंचं सगळंच असं. वर्षानुवर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत मिलिग्रॅमच्या हिशोबाने औषधं दिलेली बाई, पण घरात पाऊल टाकलं की माप विसरायची. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा केंब्रिजला होता, घरात काकू एकट्या, तरी कुकर असा की खाली बसून उघडावा लागे. टेबल आठ जणांचं. चहासुद्धा पातेलीभर, मग उरलेला पुन्हा गरम करून संध्याकाळपर्यंत पीत बसायच्या. काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अगं, चार माणसं आली तर?"

कपड्यांचंही तेच. सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचं. मुलाला, सलिलला, शाळेचा पहिला ब्लेझर घेतला तो एवढा ऐसपैस, की शाळा संपली तरी याचं अंग काही ब्लेझरला पोचलं नाही. तो ब्लेझर अजून कपाटात होता. दाखवताना काकू म्हणायच्या, "बघ, अजून कसा नवा आहे!" नवा असणारच. आत कोणी भरलंच नव्हतं कधी.

हा सलिल एकुलता एक. इथेच जन्मला, इथेच शिकला, केंब्रिजमध्ये कुठल्याशा प्रयोगशाळेत संशोधन करतो. चाळिशीचा, उंच, आईशी मराठीतच बोलणारा, पण त्या मराठीत सगळ्या जगाला पुल्लिंगी करून टाकणारा. त्याचं लग्न मोडलं होतं. ते काकू एका वाक्यात सांगायच्या आणि लगेच विचारायच्या, "चहा घेशील?" त्यावर मीही कधी पुढे बोलले नाही.

तर शेगडीची गोष्ट सुरू झाली ती थंडीवरून. काकूंचं घर जुनं, उंच छताचं. बॉयलर दिवसभर घरघर करायचा आणि रेडिएटर जेमतेम कोमट व्हायचे. काकू दोन स्वेटर, वर शाल, पायात काकांचे मोजे अशा थाटात घरात वावरायच्या. आदल्या हिवाळ्यात छातीत कफ झाला, तो वाढला, हॉस्पिटलात राहावं लागलं. सलिल घाबरला. घरी आणल्यावर त्याने माझ्यासमोरच सांगून टाकलं, "आई, नेक्स्ट विंटरला हा घर गरम नाही झाला, तर आपण विकायचा. तू केंब्रिजला माझ्याकडे यायचा. फायनल."

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. "आणि गरम झालं तर?"

"तर राहा इथे. मी काही बोलणार नाही."

"मंजूर," काकू म्हणाल्या आणि खोकल्या.

तो गेल्यावर मला म्हणाल्या, "या घरात तो रांगला. याच घरात हे गेले. आता मी विकू कशी गं? मला नाही जमायचं." एवढं बोलून त्यांनी शाल डोक्यावरून घेतली. मी उगाच रेडिएटरला हात लावून पाहिला. तो गार होता.

सप्टेंबरात काकूंनी ठरवलं, की शेगडीच घ्यायची. फायरप्लेस होतीच, तिच्यात प्लॅस्टिकची फुलं ठेवलेली होती. आता दुसरं कोणी असतं तर दुकानात गेलं असतं, नाही तर कॉम्प्युटरवर बघितलं असतं. मी तर लॅपटॉप उघडून बसलेच होते. काकूंनी तो हाताने मिटला. "फोटोत सगळ्याच छान दिसतात. ज्यांनी नांदवल्यात त्यांना विचारायला नको?"

आणि चौकशी सुरू झाली. चौकशी म्हणजे कशी? थंडी पडायला लागली, तशी दर शनिवारी दुपारी आमची वरात निघायची. काकू पुढे, मी मागे, पिशवीत चकल्यांचे डबे. रस्त्याने चालताना काकू समोर बघायच्याच नाहीत, नजर छपरांवर. कुणाच्या चिमणीतून धूर दिसला की थांबायच्या. "हा बघ, पांढरा, दाट. लाकूड ओलं आहे. इथे नको." पुढे चालायचं. मग एखाद्या घरावर हवा नुसतीच थरथरताना दिसली, धूर असा नाहीच, की काकूंचा चेहरा उजळायचा. "इथे शहाणं माणूस राहतं." आणि थेट बेल!

पहिल्या घरी दार उघडलं ते एका उंच, टकल्या, सपाता घातलेल्या गृहस्थाने. कॉलिन त्याचं नाव. काकू हसून म्हणाल्या, "गुड आफ्टरनून. युवर चिमनी इज वर्किंग. मे वी सी?"

त्याने आधी घाबरून वर छपराकडे पाहिलं. बिचाऱ्याला वाटलं, आग लागली. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. पण तोवर काकूंनी चकल्यांचा डबा त्याच्या हातात दिला होता, आणि हातात डबा घेतलेल्या माणसाला दार लावता येत नाही. आम्ही आत गेलो. काकू शेगडीसमोर मांडी घालून बसल्या. पेटायला किती वेळ लागतो? लाकूड कुठून आणता? राख कोण काढतं? सकाळी उठल्यावर कोमट असते की गार? कॉलिन आधी अवघडला, मग रंगात आला, मग खाली बसून शेगडीचं दार उघडून आतल्या विटा दाखवायला लागला. शेवटी काकूंनी विचारलं, "अँड युवर वाइफ? इज शी हॅपी?"

आतून बायकोचा आवाज आला, "नो! डस्ट एव्हरीव्हेअर!"

"हे महत्त्वाचं," काकू मला मराठीत म्हणाल्या आणि उठल्या.

तो सगळा ऑक्टोबर आम्ही लोकांच्या दिवाणखान्यांत घालवला. मेडनहेडमधली घरं आतून मी एवढी कधी पाहिली नसती. लोकांनी चहा दिला, बिस्किटं दिली, एका म्हातारीने तर आम्हाला सोडायला नकार दिला. आणि घरी येताना काकूंचे निकाल ऐकावेत! "ती गुळगुळीत होती ना, उंच पायांची, ती दिसायला बरी, पण पत्र्याची गं. पटकन तापते, पटकन रुसते." "ती हिरवी? नको. फार नखरे. काच पुसून पुसून त्या बाईचे हात काळे झालेत, पाहिलंस ना?" शेवटी पसंती पडली ती बिडाच्या शेगडीला. तापायला वेळ लावते, पण एकदा तापली की विझल्यावरही ऊब धरून ठेवते. "बिडाच्या कढईसारखी," काकू म्हणाल्या, आणि मग त्या विषयावरची चर्चा संपली.

जात ठरली, आता आकार ठरायचा होता. इथेच सगळा घोळ झाला.

दुकानात एका रांगेत वीसेक शेगड्या मांडलेल्या. काकू प्रत्येकीवर बोटांनी टकटक करून पाहत होत्या, माठ घेताना करतो तसं. दुकानदार तरुण, गोरागोमटा, अतिशय नम्र. त्याने विचारलं, "खोली केवढी आहे?" काकू म्हणाल्या, "पीपल कम." तो म्हणाला, "हाऊ मेनी?" काकू म्हणाल्या, "डिपेंड्स."

मी फोन लावला केंब्रिजला. सलिलने आधीच खोलीची लांबी-रुंदी-उंची घेऊन गणित करून ठेवलं होतं. फोन स्पीकरवर.

"आई, फाइव्ह. फाइव्ह किलोवॅट. त्याच्यापेक्षा मोठा अजिबात नको. रूम छोटा आहे."

"अरे, पण चार माणसं आली तर?"

"माणसं आली तर रूम अजून गरम होतो, आई! ह्यूमन बीइंग गरम असतो! प्रत्येक माणूस एक छोटा हीटर आहे!"

काकूंनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "लहानपणापासून असाच. प्रत्येक गोष्टीत वाद." मग दुकानदाराकडे वळून, आठ किलोवॅटच्या काळ्या धिप्पाड शेगडीवर तळवा ठेवून म्हणाल्या, "धिस वन."

दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, की पाचच्या वर गेलात तर खोलीच्या भिंतीला भोक पाडावं लागेल. शेगडीला हवा लागते, ती बाहेरून यायला हवी, नियम आहे, आणि भोक कधीही बुजवायचं नाही. मी म्हटलं, "काकू, घर गरम करायला भिंतीला भोक? बाहेरची थंडी आत घ्यायला?" काकू म्हणाल्या, "नियम आहे म्हणतोय ना तो." आणि मग त्याला विचारलं, "अँड व्हॉट विल यू गिव्ह विथ इट?" तो गोंधळला. इथे दुकानात असं कोणी विचारत नाही. पण बाहेर पडताना आमच्याकडे चामड्याचे हातमोजे, चिमटा, झाडू आणि लाकडं ठेवायची टोपली होती, आणि तो दारापर्यंत पोचवायला आला होता.

नोव्हेंबरात शेगडी बसली. बसवणाऱ्याला काकूंनी शिरा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. शेगडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, आणि काडी ओढली.

अहाहा! पहिली पाच मिनिटं काय सुंदर गेली. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांनी शाल काढली. मग वरचा स्वेटर. मग आतला. मग मी माझं जॅकेट काढलं. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. काकूंचं तोंड टोमॅटोसारखं झालं होतं. "छान ऊब आहे नाही?" त्या म्हणाल्या. "खिडकी जरा उघडतेस का?"

एवढ्याशा खोलीत तेवढी मोठी शेगडी म्हणजे दुसरं काय होणार? हवा कमी करून जाळ मंद करावा तर काच काळी व्हायची, लाकूड नुसतंच धुमसायचं, घरभर वास. जोरात ठेवावी तर बसवत नाही. आणि भिंतीतल्या त्या भोकातून बर्फासारखा झोत थेट काकूंच्या मानेवर. म्हणजे पुढून भाजणं आणि मागून गारठणं. पण काकू हार मानतील? "सवय व्हायला लागते," म्हणायच्या. भोकाचाही बंदोबस्त त्यांनी त्यांच्या पद्धतीने केला. आपल्याकडे भिंतीवर काहीही नकोसं दिसलं की त्यावर काय टांगतात? कॅलेंडर. ठाण्याच्या बहिणीने पाठवलेलं तिथीवारांचं कॅलेंडर काकूंनी बरोब्बर त्या भोकावर लटकवलं.

डिसेंबरात सलिल आला. मी तेव्हा तिथेच होते, कारण काकूंनी "साक्षीला ये" म्हणून बोलावलं होतं. त्याने दार उघडलं आणि दारातच थांबला. बाहेर दव गोठलेलं. आत तिन्ही खिडक्या सताड उघड्या. मध्ये त्याची आई सुती गाऊनमध्ये, वर्तमानपत्राने वारा घेत बसलेली. आणि कोपऱ्यात भिंतीवर कॅलेंडर फडफडतंय, खिडक्यांच्या बाजूने नाही, भिंतीतून!

तो गेला, कॅलेंडर उचललं, मागे पाहिलं.

"आई!"

"काय रे?"

"हा एअर व्हेंट आहे! हा बंद नाही करायचा! विषारी गॅस होतो, माणूस मरतो, आई, माणूस मरतो!"

"बंद कुठे केलंय? नुसतं झाकलंय."

तो खुर्चीत बसला. मला वाटलं ओरडेल. पण तो अगदी हळू बोलायला लागला. "मागच्या वर्षी हॉस्पिटलमध्ये," तो म्हणाला. "आता हा. मी रोज केंब्रिजमध्ये उठतो आणि विचार करतो, आई काय करत असेल. बस झाला. जानेवारीत एजंटला फोन करतो. घर विकायचा."

काकू उठल्या, एकेक खिडकी लावली, आणि त्याच्यासाठी मटार पॅटिस तळायला आत गेल्या. त्या दिवशीही एवढी तळली, की उरलेली त्याला डब्यात घालून न्यावी लागली. तो डबा हातात घेऊन दारात उभा होता, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "एजंटला फोन करायच्या आधी एकदा येऊन जा. फेब्रुवारीत. शेवटचं."

"आई, काय बदलणार आहे?"

"येऊन जा म्हटलं ना."

जानेवारीतली एक सकाळ. काकूंनी बेल वाजवली. कोट घालून तयार. "चल, दुकानात जायचंय. शेगडी बदलून घ्यायची."

मी गाडी काढली. काकू बाजूला बसल्या होत्या. सिग्नलला थांबलो, तेव्हा समोर बघतच बोलल्या. "हे होते तेव्हा माझ्या घरात कधी कमी माणसं नसायची. यांचे मित्र, सलिलचे मित्र, इंडियाहून आलेली पोरं, कोणी जागा मिळेपर्यंत राहायचं, कोणी नोकरी मिळेपर्यंत. हे गेले आणि हळूहळू सगळी आपापल्या घरी गेली. मी मात्र रोज चार माणसं येणार असं धरूनच चालले गं. कुकर लावताना, चहा टाकताना. मला वाटलं, मोठी शेगडी घेतली की..." सिग्नल हिरवा झाला होता, मागच्याने हॉर्न दिला. मला रडू आलं होतं आणि गाडीही चालवायची होती.

दुकानात काकूंनी सरळ सांगितलं, "माय मिस्टेक. स्मॉल वन, प्लीज. आय लिव्ह अलोन." ते शेवटचं वाक्य त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलं. त्या नम्र पोराने लगेच पाचवाली दाखवली. तीच बिडाची, त्याच घाटाची, फक्त लहान. काकूंनी टकटक केलं. मान हलवली. आणि या वेळी सोबत काय देता, हे विचारलं नाही.

फेब्रुवारीत सलिल आला तो थर्मामीटर घेऊन. शास्त्रज्ञच तो! खोलीत मध्यभागी ठेवला, मग कोपऱ्यात, मग वरच्या मजल्यावर नेला, मग जिन्यात. काकू हाताची घडी घालून सोफ्यावर. मी पॅटिस खात होते, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. शेगडीत दोन लाकडं शांतपणे जळत होती. काच स्वच्छ. पाचवालीला भिंतीतलं भोक लागत नाही, म्हणून ते रीतसर, माणूस बोलावून, बुजवलेलं. काकूंच्या अंगावर एकच स्वेटर, तोही उघडा.

तो खाली आला. थर्मामीटर खिशात टाकला. "ओके," म्हणाला. "घर गरम आहे."

"मग?"

"मग काय. यू विन, आई. विकायचा नाही."

काकूंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी टाळी वाजवणार होते. तेवढ्यात काकूंचं लक्ष त्याच्याकडे गेलं. तो शेगडीपुढे जमिनीवर बसला होता, लहान मुलासारखा गुडघे पोटाशी घेऊन.

"अरे, मग तोंड का असं पाडून बसलास?"

"काही नाही."

"सलिल."

"मला वाटला..." तो शेगडीकडे बघत होता. "मला वाटला, थंडी असला तर तू येशील."

मी उठायला लागले. काकूंनी हातानेच मला खाली बसवलं.

"म्हणजे?"

"तिकडे माझ्याकडे फ्लोअरच्या खाली हीटिंग आहे. सगळा घर गरम आहे, आई. संध्याकाळी लॅबमधून येतो आणि कोण नाही. कधीकधी मी कोट पण काढत नाही. तसाच बसतो. कशाला काढायचा?"

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळे आलं असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण या शेगडीला धूरच नव्हता.

"मग तसं सांगायचं ना, गाढवा!" त्या एकदम कडाडल्या. "घर विकतो, एजंटला फोन करतो, या धमक्या कशाला? आई, मला करमत नाही, एवढं तोंडातून निघत नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते नाही," काकू म्हणाल्या. "पण तू सांगायचं होतंस." आणि उठून त्याच्या डोक्यावर टपली मारली, आणि मग हात तिथेच राहिला. चाळिशीचा शास्त्रज्ञ, आईच्या गुडघ्याला डोकं टेकून बसला होता. मी पॅटिसची बशी घेऊन हळूच स्वयंपाकघरात गेले. खोटं का सांगू, तिथे उभी राहून मीही रडले, आणि उरलेलं पॅटिसही खाल्लं.

पुढच्याच रविवारी काकू निघाल्या. घर विकायचं नाही, हे पुन्हा एकदा माझ्यासमोर वदवून घेतलं. "थंडी संपेपर्यंत राहते त्याच्याकडे," म्हणाल्या. "एप्रिलात परत."

माझ्याने राहवलं नाही. "काकू, गाव पालथं घातलंत शेगडीसाठी. भिंत फोडलीत, भिंत बुजवलीत. आता कुठे ती नीट चालायला लागली, तर तुम्ही थंडीत केंब्रिजला आणि उन्हाळ्यात शेगडीपाशी?"

"मग? उन्हाळ्यात कशाला जाऊ त्याच्याकडे? उन्हाळ्यात तो सायकल घेऊन हिंडत असतो. थंडीतच एकटा पडतो तो." मग कोटाची बटणं लावता लावता म्हणाल्या, "आणि हे बघ. घर गार म्हणून मला कोणी उचलून नेत नाहीये. माझं घर छान गरम आहे. मी जातेय."

मला किल्ली दिली. सकाळी त्यांनी शेगडी पेटवली होती, सवयीने, आणि लाकूड अजून जळायचं होतं. "विझेपर्यंत बस जरा आत," म्हणाल्या. "एकटी सोडू नये."

सलिलने सामान भरलं. काकू पुढच्या सीटवर बसल्या, पदर नीट केला, पट्टा लावला, आणि लगेच त्याला काहीतरी सांगायला लागल्या. तो हसत होता. त्याला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. गाडी कोपऱ्यावर वळताना काकूंचा हात खिडकीबाहेर आला, पण तो मला टाटा करत नव्हता, सलिलला कुठून वळायचं ते दाखवत होता. पुढच्याच महिन्यात आम्ही नोकरीमुळे क्रॉयडनला आलो, त्यामुळे शेजारीण म्हणून पाहिलेल्या काकू त्या शेवटच्या. फोन होतो. दर वेळी विचारतात, नवऱ्याशी भांडण मराठीतच चाललंय ना.

त्या रविवारी गाडी दिसेनाशी झाल्यावर मी आत गेले आणि त्यांच्या खुर्चीत बसले. खोली अशी ऊबदार होती, की कोट काढून ठेवावा लागला. मला काकूंची इतकी आठवण यायला लागली, आणि त्या तर अजून मोटरवेलाही लागल्या नव्हत्या.